गावस सरांची धूळ

परवा माझ्या नातीने जनेलाच्या काचेवरून बोट फिरवलं आणि सरळ तोंडात घातलं. सून किंचाळली. मी हातातली भाजी बाजूला ठेवून नातीला विचारलं, "खारट लागलं की तुरट?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "खारट." "मग तो मोरजीचा वारा," मी म्हटलं. या बाईला आता कुणाला तरी दाखवायला हवं, असं सुनेच्या कपाळावर स्पष्ट वाचता आलं. तिचा दोष नाही. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा गावस सरांचं येणं थांबलं होतं. खिडकीची चव विचारण्याची पद्धत आमच्या घरात त्यांनी घातली.

गावस सर म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात वीज शिकवणारे प्राध्यापक. मूळचे डिचोलीचे. ते पहिल्यांदा आमच्या धारगळच्या घरी आले तेव्हा मी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती, म्हणजे तशी तरुणच होते आणि अक्कल यायला अजून अवकाश होता. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत मी कारकुनी करायची. शाळेत विज्ञानात मला बरे गुण पडले होते. त्या भांडवलावर मी तोवरचं आयुष्य काढलं होतं. घरातला फ्यूज गेला की मी पुढे आणि वायरमन मागे. तो बिचारा तारा जोडायचा आणि मी त्याला सूचना द्यायची. त्यातली एकही त्याने कधी पाळली नाही, म्हणून घर अजून उभं आहे.

तो रविवार होता. मातीच्या रंगाची एक गाडी दारात थांबली. ती मुळात पांढरी होती हे पुढे कित्येक महिन्यांनी कळलं. उंच, बारीक, जरा वाकून चालणारा एक माणूस उतरला. त्याने पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन येते तोवर त्याने जनेलाच्या गजावर बोट फिरवलं, ते उजेडात धरून बघितलं आणि चाटलं. डोळे मिटून तो उभा राहिला. मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आई, समई आत न्या."

सासूबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, पण कान तिखट होते आणि आवाज त्याहून तिखट. त्या त्याच्यासमोरच म्हणाल्या, "उपाशी असा काय गो तो? जनेल कित्याक चाटता? पाव दी त्येका."

माणूस हसला. बाहेरच्या सोप्यावर बसून त्याने खरंच पाव खाल्ला, वर चहा घेतला आणि मग नाव सांगितलं. त्याला समुद्र आणि डोंगर यांच्या मधोमध, उघड्या माळावर, झाडांची सावली नसलेलं एक अंगण हवं होतं. मोरजीला समुद्राजवळ एक मिळालं होतं, डिचोलीला खाणीजवळ एक. तिसरं आमचं हवं होतं. भाडं देऊ म्हणाला. सासूबाईंनी विचारलं, "काय लावतलंस? मिरची?"

"मळ लावतलंय, मावशी," तो म्हणाला.

सरांचं सगळं संशोधन मळावर होतं. ते मला त्यांनी अनेकदा समजावलं आणि मी दर वेळी अर्ध्यातच "हो हो, ते माहीत आहे" म्हणून थांबवलं. त्यामुळे कळायला उशीर झाला. आता सांगते ते नंतर नीट ऐकलेलं. उन्हावर आणि वाऱ्यावर होणारी वीज जिथे होते तिथे खपत नाही. ती लांबून आणावी लागते. लांबून आणायची तर दाब प्रचंड ठेवावा लागतो. तार वीज नेते आणि ती तार लोखंडी मनोऱ्यावर टांगलेली असते. मनोरा जमिनीत रोवलेला. विजेने तारेतून निघून मनोऱ्यावरून जमिनीत उतरू नये, म्हणून मध्ये चिनी मातीच्या उपड्या बशांची एक माळ असते. तिचं काम एकच, वीज अडवायची. बशी स्वच्छ असेल तर ती हे काम चोख करते. पण बशीवर समुद्राचं मीठ बसतं, खाणीची माती बसते, हायवेचा धूर बसतो. कोरडं असेतोवर तेही चालतं. पहाटे दव पडलं की तो थर भिजतो आणि वीज त्या ओल्या थरावरून सरपटत निघते. त्यातून लांबून आणायच्या या विजेची दिशा एकच असते, आपल्या घरच्या विजेसारखी ती सारखी पालटत नाही, म्हणून ती धूळ स्वतःकडे ओढून धरते. सर म्हणायचे, "वीज स्वच्छ असते हो वहिनी, वाट मळकी असते."

कुठे किती मळ बसतो ते कळलं, की माळेत किती बशा घालायच्या ते ठरतं. मळ जास्त तर माळ लांब. त्यांचं आयुष्य या एका गणितात चाललं होतं.

आमच्या अंगणात त्यांनी लोखंडाची आडवी चौकट उभी केली आणि तिला बशांच्या माळा टांगल्या. त्यात वीज वगैरे काही नव्हती, नुसत्या वाऱ्यावर लोंबत ठेवलेल्या. सासूबाईंनी खालून बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर माटोळी!" चवथीला गणपतीच्या डोक्यावर चौकट बांधून फळं, सुपाऱ्या, रानातली पानंफुलं टांगतात, ती माटोळी. सरांना हे नाव इतकं आवडलं की त्यांच्या कॉलेजातही ते रूढ झालं. मोरजीची माटोळी, धारगळची माटोळी, डिचोलीची माटोळी. सासूबाई त्यांना 'मास्तर' म्हणायच्या. 'प्राध्यापक' म्हणा, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "शिकयता मां? मग मास्तर."

माटोळीची राखण माझ्याकडे आली. म्हणजे सरांनी एवढंच म्हटलं होतं, "वहिनी, कोणी हात लावणार नाही एवढं बघा." मी ते असं घेतलं, जणू देशाची सीमाच माझ्या ताब्यात दिली आहे. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहून मी चौकटीला टांगलं. रोज सकाळी बसला जाण्याआधी मी माळांखाली मान वर करून उभी राहायची. धूळ वाढलेली मला दिसायची. खरं म्हणजे माझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता. कचेरीत मी 'इन्सुलेटर' हा शब्द दिवसातून दोनदा तरी वापरायची. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईने एकदा विचारलं, "अगो, भाजी कसली आणलीस त्याबद्दल काही बोल ना."

सर वर्षातून एकदा, मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी माप घ्यायला यायचे. शुद्ध पाण्याने एकेक बशी कापसाने पुसायची, तो मळ पाण्यात उतरवायचा आणि त्या पाण्यातून वीज किती जाते ते बघायचं. हे काम ते कोणाला देत नसत. मांडी घालून अंगणात बसायचे आणि लहान बाळाला आंघोळ घालावी तशी बशी फिरवायचे. सगळं झाल्यावर बोट हमखास चाटायचे. यंत्रात आकडा आलेला असायचा तरी.

घाई त्यांना ठाऊक नव्हती. त्यांचा एक शब्द होता, 'साचू दे'. विद्यार्थी म्हणाला, सर, आकडे मिळालेत, लिहू का? "साचू दे." आमच्या ह्यांचा भावाशी जमिनीवरून वाद झाला, हे तावातावाने बोलायला निघाले, तर सर चहा पिता पिता म्हणाले, "आज नका जाऊ. साचू दे." हे गेले नाहीत आणि चार दिवसांनी भाऊच आला. मला मात्र त्या शब्दाचा राग यायचा. माझी बढती अडली होती आणि ते ऐकून सर म्हणाले, "साचू दे." काय साचू दे? माझा पगार?

त्यांची गाडी हे एक प्रकरण होतं. ती धुवायची नाही असा नियम होता. मोरजी ते डिचोली फिरणारी गाडी म्हणजे चालतीफिरती माटोळी, असं ते म्हणायचे. शाळेची मुलं तिच्यावर बोटाने नावं लिहायची. पोलिसांनी एकदा नंबर दिसत नाही म्हणून अडवलं, तर सरांनी रुमालाने फक्त नंबराची पाटी पुसली आणि तो रुमाल घडी करून पिशवीत ठेवला. पोलीस म्हणाला, "बाकीची?" सर म्हणाले, "बाकीची कामाची आहे."

एकदा आम्ही त्यांच्या डिचोलीच्या घरी जेवायला गेलो. घर आरशासारखं. फरशीवर पाय ठेवायला संकोच वाटावा. त्यांच्या मिसेस पदर खोचून सगळीकडे फडकं फिरवत होत्या. फक्त एका कपाटात ओळीने काचेच्या बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत चिमूटभर धूळ. कुठली लाल, कुठली काळी, कुठली पांढरट. मिसेस मला म्हणाल्या, "जगातली सगळी धूळ यांना लागते, फक्त घरातली दिसत नाही." सर जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "घरातली ती साचूच देत नाही."

त्या दिवशीच कळलं की त्यांचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे. लहानपणी पांढरा शर्ट घालून सर शाळेला निघायचे आणि रस्त्यात ट्रकांमागून जाता जाता शाळेत तांबडे होऊन पोचायचे. मास्तर हातावर छडी मारून म्हणायचे, आईने धुतला नाही का? आईने तर रोज धुतलेला असायचा. "धूळ कुठून येते, कुठे बसते, एवढंच मला तेव्हा विचारायचं होतं," सर म्हणाले. "अजून तेच विचारतोय." आणि भात कालवायला लागले. एवढं सांगून झाल्यावर कोणी काही बोलावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

आता धारगळच्या आकड्यांबद्दल सांगायला हवं. मोरजीला मळ भरपूर बसत होता, डिचोलीला भरपूर बसत होता, आणि मधल्या धारगळला फारच थोडा. पहिल्या वर्षी सर म्हणाले, काहीतरी चुकलं असेल, साचू दे. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. मी छाती फुगवून सांगायची, "आमच्याकडची हवाच स्वच्छ, सर!" सर वाऱ्याची दिशा मोजायला आणखी एक यंत्र लावून गेले. अनेक वर्षं तेच आलं तेव्हा त्यांनी ते मान्य केलं. समुद्राचं वारं आणि डोंगराचं वारं आमच्या सड्यावर, या उघड्या माळावर, एकमेकांना भिडतं आणि बशा झाडून निघतात, असं त्यांनी मांडलं. ते छापून आलं. लोकांनी त्याला धारगळचंच नाव दिलं. आयुष्यभर इतरांची गणितं वापरलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर स्वतःचं असं एक काही सापडलं होतं. ते सांगायला आले तेव्हा पेढे घेऊन आले, आणि चहात साखर घ्यायला विसरले.

त्या सुमारास आमच्या सड्यावरून नवी लाईन जायची ठरली. दूरवरची उन्हाची वीज आणणारी. बांधणाऱ्या कंपनीला सरांचा शोध फार आवडला, कारण मळ कमी तर माळा आखूड, मनोरे बुटके, सगळंच स्वस्त. कॉलेजात यावरच एक नवं संशोधन केंद्र निघणार होतं आणि त्याचे प्रमुख सर होणार, हे जवळजवळ पक्कं होतं. त्यांच्या मिसेसनी मला फोनवर सांगितलं, "केंद्रात त्यांना स्वतंत्र खोली मिळणार. बाटल्या तिकडे जातील."

आराखडा कायम होण्याआधी कंपनीच्या दोघा इंजिनिअरांना जागा बघायची होती. सर त्यांना घेऊन आले ते शिगम्याच्या आदल्या दिवशी. आजवर ते कधी शिगम्याला आले नव्हते, नेहमी मेमध्ये. आणि मीही दर वर्षी त्या दिवशी कचेरीत असायची. घराची साफसफाई ज्या दिवशी निघते, नेमक्या त्याच दिवशी माझ्यावाचून कारखाना बंद पडेल अशी माझी पक्की समजूत होती. त्या वर्षी पाहुणे येणार म्हणून मी अर्धी रजा टाकली. दुपारी बसमधून उतरले, तर सरांची गाडी माझ्या पुढ्यातच दारात थांबली. आम्ही सगळे एकदमच अंगणात शिरलो.

सासूबाई स्टुलावर उभ्या होत्या. खाली बालदी. एका हातात राख आणि दुसऱ्या हातात नारळाचं सोडण. शेवटच्या माळेतली शेवटची बशी त्या घासत होत्या. बाकीच्या सगळ्या उन्हात अशा चमकत होत्या, जणू आत्ताच दुकानातून आणल्यात.

माझ्या पुठ्ठ्यावरची अक्षरं तेवढी वाऱ्यावर हलत होती. मी ओरडले, "आई! हात लावू नये म्हणून लिहिलंय ना मी?"

"हात खंय लावलंय?" सासूबाई म्हणाल्या. "सोडण लावलंय."

सर पुढे झाले. त्यांनी आधी सासूबाईंना धरून खाली उतरवलं. मग विचारलं, "मावशी, ह्या कित्याक धुतास?"

"कित्याक म्हणजे? फाल्या शिगमो. रोमट दारात येतला." शिगम्यात ढोल-ताशे घेऊन गावचा मेळ घरोघरी अंगणात येतो, तो रोमट. "अख्खो गाव हंय उभो रवतलो आणि डोक्यार ही काळीमिट्ट भांडी लोंबतली? लोक काय म्हणतले? ह्या घरात बायलमाणसां नाय?"

"दर वर्षी धुतास?"

"शिगमो दर वर्षी येता मरे मास्तर."

सर सोप्यावर जाऊन बसले. पाणी मागितलं. मी दिलं. ते प्यायले नाहीत, नुसता तांब्या धरून बसले. मार्चमध्ये सोडणाने घासलेल्या बशा आणि मेमध्ये घेतलेलं माप. सगळी वर्षं. वाऱ्याने वाऱ्याला भिडून काही झाडलं नव्हतं. समोर उभी होती ती म्हातारी, अजून हातात राख घेऊन, आपलं काय चुकलं ते न कळून.

इंजिनिअरांपैकी चष्मेवाला वयाने मोठा होता. तो सरांजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, हे यंदाचं वर्ष आपण धरू नका. बाकीचं तर छापलेलंच आहे."

"बाकीचंही धुतलेलंच आहे," सर म्हणाले.

"पण ते आपल्याला माहीत कुठे होतं? समजा, आज आपण आलोच नसतो."

"आलो."

"सर, आराखडा या महिन्यात कायम व्हायचा आहे. नाहीतर थोडं थांबा, विचार करा. आपणच म्हणता ना, साचू दे."

सरांनी तांब्या खाली ठेवला. "आखूड माळा लावल्यात तर पहिल्या दवाच्या पहाटे त्या चरचरायला लागतील," ते म्हणाले. "तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या. मग एक दिवस ठिणगी पडेल आणि सगळीकडे अंधार. हे साचू द्यायचं नाही."

मग ते उठले आणि सासूबाईंना म्हणाले, "मावशी, बश्यो बऱ्यो निवळ केल्यात." सासूबाईंना ते खरं कौतुक वाटलं. तसं ते होतंही. त्या म्हणाल्या, "मग! तुझी बायल येता काय हंय धुवक?" सर हसले. मी त्या वेळी रडत होते आणि माझ्या रडण्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं, याचं मला त्यातही वाईट वाटलं.

पुढचं मी ऐकलेलं. कंपनीच्या बैठकीत सरांनी उभं राहून सांगितलं की धारगळच्या वाऱ्यात काही विशेष नाही, आपला निष्कर्ष चुकला आहे आणि माळा मोरजीइतक्याच लांब लावा. एकाने सुचवलं, आजींच्या घासण्याने किती मळ जातो ते मोजा आणि जुने आकडे तेवढ्याने वाढवून घ्या, म्हणजे सगळं वाया जाणार नाही. सर म्हणाले, "त्या दर वर्षी सारखं घासत नाहीत. पाहुणे जास्त असले तर जास्त घासतात." लोक हसले. छापलेला निबंध त्यांनी स्वतः मागे घेतला. केंद्र निघालं, पण प्रमुख दुसरेच झाले. कॉलेजातली तरुण मंडळी त्यांच्या पाठीमागे त्यांना 'सोडण सर' म्हणायची, हे मला त्यांच्या मिसेसनी सांगितलं. "तुम्हाला राग येत नाही?" असं मी सरांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "नाव बरोबर आहे. त्यांनी निदान कारण तरी अचूक पकडलं."

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. सर पुन्हा आले आणि सासूबाईंसमोर बसले. "मावशी, परत सुरू करतंय. ह्या खेपेक धुवपाचा नाय. चलात?"

सासूबाईंनी आधी माळांकडे बघितलं, मग झाडलेल्या अंगणाकडे. ज्या बाईने आयुष्यात अंगणात पालापाचोळा ठेवला नाही, तिला हे सांगणं सोपं नव्हतं. "शिगम्याकय नाय?"

"शिगम्याकय नाय."

"रोमट इलो तरी?"

"इलो तरी."

"बरां," त्या म्हणाल्या. "पण लोकांका मी सांगतलंय."

आणि त्यांनी सांगितलं. पुढच्या शिगम्याला ढोल अंगणात आले, वर माळा मातकट झालेल्या, आणि सासूबाई काठी टेकत प्रत्येकाला गाठून सांगत होत्या, "ही घाण आमची नव्हे हां. मास्तराची असा. सरकारी घाण. हात लावू नकात." माझा पुठ्ठा त्यांनी काढून फेकून दिला. वाचून कोणी ऐकत नाही, हा त्यांचा स्वतःचाच अनुभव होता. आता राखणीला त्या असायच्या. कावळा चौकटीवर बसला तर काठी उगारायच्या. एकदा मीच नकळत कोळिष्टक काढायला झाडू वर नेला, तर आतून आवाज आला, "गो! ती मास्तराची!" विज्ञानात बरे गुण मिळालेली मी झाडू खाली घेऊन उभी राहिले.

सर मेमध्ये यायचे, बशा पुसायचे, यंत्राकडे बघायचे. आकडा मोठा यायला लागला. मोरजीच्या जवळपास. सासूबाई विचारायच्या, "जमली मरे घाण?" सर म्हणायचे, "मस्त जमली." दोघेही समाधानाने चहा प्यायचे. एका वर्षी सासूबाईंनी आपणहून जनेलावर बोट फिरवलं, चाटलं आणि म्हणाल्या, "खारट. मीठ कमी घालूक होया ह्या आमट्येत." सरांना हसता हसता ठसका लागला.

शेवटचं माप घेण्याआधीच्या थंडीत सासूबाई गेल्या. सर बाराव्याला आले. माटोळीकडे बघत उभे राहिले. लोक जमलेले, घर झाडूनपुसून काढलेलं, आणि त्या माळा तेवढ्या काळ्याकुट्ट. कुणी तरी पाहुणी माझ्या कानाशी म्हणाली, "हे तरी आज धुवायचं होतं." मी म्हटलं, "ते आईंनी राखलेलं आहे." मला वाटतं, त्या घरात मी बोललेलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य.

मेमध्ये सरांनी माप घेतलं आणि चौकट उतरवून नेली. नवा निबंध लिहिला. त्यात शोध असा काही नव्हता, धारगळला मळ बसतो, एवढंच होतं. फारसं कुणी वाचलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढल्या हिवाळ्यात. ते निवृत्त होऊन मुलीकडे बंगळूरला निघाले होते. आता तिथेच असतात, तिथल्या धुळीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही असं कळतं. जाण्याआधी त्यांचा फोन आला. "वहिनी, उद्या पहाटे सड्यावर या. दव चांगलं पडेल." लाईन त्याच आठवड्यात चालू झाली होती.

मुलाने मला स्कूटरने नेऊन सोडलं. धुकं इतकं होतं की मनोऱ्याचे पाय दिसत होते, डोकं दिसत नव्हतं. सर खाली उभे होते. कानटोपी वर सरकवलेली आणि कानामागे पंजा धरलेला. मला बघून त्यांनी बोटाने गप्प राहायची खूण केली.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. हायवेवरून एक ट्रक गेला. लांब कुठे तरी मोर ओरडला. गवतावरून पाणी ठिबकत होतं.

"काही ऐकू येत नाही, सर."

"परत ऐका."

मी डोळे मिटून ऐकलं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं काही नाही. काहीच नाही. धुकं जरा वर सरकलं तेव्हा माळा दिसल्या, लांबच लांब, दवाने भिजलेल्या, मळक्या.

"काहीच नाही," मी म्हटलं.

सरांनी पंजा खाली घेतला. "मावशींना दाखवायला हवं होतं," ते म्हणाले.

"काय दाखवणार? त्यांना वर मळच दिसला असता. सोडण मागितलं असतं."

"हो," सर म्हणाले. मग गाडीकडे गेले, ओल्या बॉनेटवरून बोट फिरवलं आणि चाटलं.

"खारट?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली, वर एकदा बघितलं आणि म्हणाले, "बराच. तरी गप्प आहे."